मामाच्या हातचा घास

माझ्या चुलीवर सकाळी दोन भांडी चढायची. एक पितळेचं, त्यात बकरीचं दूध. दुसरं जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, त्यात ज्वारीच्या कण्या, नाहीतर कधी तांदूळ हाती लागला तर पेज. ज्या लेकरांचं उष्टावण झालं नाही त्यांचं पितळेचं भांडं, अन् ज्यांचं झालं त्यांचं जर्मनचं. मामानं भाच्याच्या तोंडात अन्नाचा पहिला घास घातला की झालं उष्टावण, मग लेकरू कण्या खायला मोकळं. त्याच्या आधी दूध, बस. यात मला कोणी विचारलं नव्हतं. लेकरांच्या आयांनी ठरवलं होतं अन् मी ऐकत होते.

दिवसभर दुसऱ्यांची लेकरं सांभाळायची, आता याला पाळणाघर म्हणतात. माझी नातसून नोकरीला जाते, तिचं पोरगं दिवसभर तिकडंच असतं, अन् त्याच्या डब्यावरून तिची अन् त्या पाळणाघरवालीची रोज काहीतरी कुरबुर चालते. परवा मला म्हणाली, "आजी, तुम्हीपण पाळणाघर चालवत होत्या म्हणे? मग काय भरवायच्या तुम्ही?" मी म्हटलं, "जे असंल ते." ती हसली. मला नाही हसू आलं. मला ते एक पोरगं आठवलं, अन् संध्याकाळपर्यंत माझं कशात लक्ष लागलं नाही.

हिंगणघाटला आमचं घर जिनिंगच्या मागच्या गल्लीत होतं. तेव्हा आम्ही कागदोपत्री मध्यप्रदेशात होतो, पण गल्लीतल्या चिखलाला त्याचं काय? दिवाळी झाली की कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची रांग लागायची, जिन सुरू व्हायचं, अन् सकाळी भोंगा झाला की गल्लीतल्या बाया पदर खोचून पळायच्या. कापसातून सरकी वेगळी काढायचं जे यंत्र असतं त्याला रेचा म्हणतात. त्या रेच्यांसमोर ओळीनं उभं राहून दिवसभर कापूस टाकत राहायचं, हे त्यांचं काम. माझे मालक तिथंच वजनकाट्यावर होते. एका बाईनं विचारलं, वैनी, माझं लेकरू ठेवता का दिवसभर? मी हो म्हटलं. दुसरी आली, तिसरी आली. कोणी महिन्याचं काही द्यायची, कोणी सरपण आणून टाकायची, कोणी नुसतीच लाजून हसायची. मला रागही यायचा अन् नाही म्हणताही यायचं नाही. माझा स्वभावच तसा मेला, तोंड तिखट अन् हात मऊ.

तान्ह्यांना पाजणं सोपं नसतं. पितळेचं चोचीचं बोंडलं माझ्याकडं एकच होतं अन् रडणारी तोंडं पुष्कळ. मग मी स्वच्छ कापूस घ्यायची, त्याचा बोळा करायची, दुधात बुडवायची अन् तोंडात द्यायची. लेकरू बरोबर चोखतं. आम्ही काय बोळ्यानं दूध पितो का, असं लोक तावातावानं म्हणतात ना? माझ्या ओसरीवर सगळी बोळ्यानंच पीत होती. कापसाच्या गावात कापसाला काय तोटा! दुधाला होता. बकरी एकच, तीही घरची, अन् तिच्या मनात असंल तेवढंच ती द्यायची. बाकीचं मी पाणी घालून पुरवायची.

दुपारच्या सुट्टीत आया धावत यायच्या. केसांत कापूस, भुवयांवर कापूस. मी दारातच ओला फडका घेऊन उभी राहायची. "आधी पूस, मग पाज," असं ओरडायची. पुसलं नाही तर लेकराच्या तोंडात दुधाच्या आधी तंतूच जायचे. कोणी घाईत तशीच पाजायला बसली तर मी तिचा खांदा धरून उठवायची. मला खवीस म्हणायच्या सगळ्या, माझ्या पाठीमागं अन् कधी तोंडावरही.

ती पोरगी त्या वर्षी नवीन आली. पोरगीच म्हणते मी, वीसबाविशीची असंल. नवरा बल्लारशाकडे कोळशाच्या खाणीत, सणासुदीला यायचा तर यायचा. तिच्या काखेत पोरगं होतं, चैत्रातलं. म्हणजे दिवाळीला त्याचे चांगले दात यायचे दिवस. मी आपली सवयीनं विचारलं, "उष्टावण झालं न याचं?"

"नाई झालं," ती म्हणाली.

"काऊन? सहाव्यातच करतेत न."

"मामा नाई आला अजून."

मी म्हटलं येईल. तेव्हा मला काय माहीत.

गोष्ट अशी होती. तिला एकच भाऊ, मोठा. आई म्हातारी त्याच्याजवळ, कारंज्याच्या बाजूला कुठल्याशा गावात. भाऊ तिथल्या पाटलाकडं सालदार, म्हणजे वर्षाच्या करारावर बांधलेला गडी. आषाढात म्हातारी आजारी पडली. निरोप आला तेव्हा वणा नदीला पूर होता, पलीकडं जायची वाट नव्हती. ही चार महिन्यांचं पोरगं काखेत घेऊन नदीच्या काठावर जाऊन बसायची अन् परत यायची. पाणी उतरल्यावर ही पोचली तर म्हातारीची राखसुद्धा सावडून झाली होती. भाऊ दारातच होता. गावासमोर म्हणाला, "माय तुह्यं नाव घेऊ घेऊ मेली. आता मी तुह्या उंबऱ्याले पाय लावनार नाई." हीपण त्याचीच बहीण. म्हणाली, "नोको लावू." अन् उलट्या पावली निघून आली, पाणीसुद्धा न पिता. हे तिनंच मला सांगितलं, पोराला पाजता पाजता, अगदी कोरड्या आवाजात.

"मंग निरोप धाड न त्याले," मी म्हटलं.

"कायले? त्याले समजत नाई का? भाचा झाला हे मालूम हाय त्याले. आपून होऊन येईन तो."

"अन् नाई आला त?"

"येईन."

आता तुम्हाला म्हणून सांगते, ते पोरगं तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही माझ्यासारखेच चिडले असते. त्याला मी गोधड्यांच्या गठ्ठ्याला टेकवून बसवायची. समोर जर्मनच्या भांड्यातलं खाणारी पोरं. मी एकेकाला भरवायची, अन् हे पोरगं त्या प्रत्येक घासाबरोबर स्वतःचं तोंड उघडायचं. घास दुसऱ्याचा, तोंड याचं उघडं. त्या पोराचं तोंड मिटलं की याचं मिटायचं. चावल्यासारखंही करायचं. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्या पोट धरधरून हसलो. मग मला हसू येईना झालं. मी त्याची पाठ भिंतीकडं करून ठेवायला लागले तर ते मान वळवून वळवून पाहायचं.

आईचं दूध दिवसभर उभं राहून, अर्धपोटी, किती टिकतं? संक्रांतीपर्यंत तिचं आटत आलं. पोरगं नीट बसेना. पायांच्या काड्या, पोट पुढं, डोकं मोठं. बरोबरीची पोरं ओसरीवरून रांगत जाऊन बकरीचं शेपूट ओढायची अन् हे तिथंच.

एकदा माझे मालक दुपारी घरी आले होते. ते म्हणाले, "अवं बाई, एवढं काय त्याचं? मी होतो न मामा. आन वाटी." ते मनापासून म्हणाले होते. असं चालतंही. मानलेला भाऊ घास घालतो, कोणी शेजारचा घालतो, आजोबा घालतो. ज्याला भाऊच नाही तिनं काय करावं मग? बाकीच्या बायाही म्हणाल्या, हौ हौ, करून टाक, एवढा मोठा मामा भेटून राह्यला फुकटात. अन् सगळ्या हसल्या.

ती नाही हसली. म्हणाली, "ज्याचा मामा मेला त्याले दुसरा मामा लागते. माहा भाऊ जित्ता हाय."

 मालक टोपी घालून कामावर गेले. मला तेव्हा कळलं की हे पोराच्या पोटाचं राहिलंच नाही. दुसऱ्या कोणाच्या हातचा घास पोराच्या तोंडात गेला की तिच्यापुरता भाऊ मेला. आई गेली होती, नवरा असून नसल्यासारखा. माहेर म्हणून जगात जे उरलं होतं ते त्या पोराच्या रिकाम्या तोंडात तिनं राखून ठेवलं होतं. मला कळलं, पण म्हणून मला पटलं असं नाही. आजही पटत नाही.

माघ लागता लागता बकरी आटली. गाभण होती, तिचा तरी काय दोष? गवळ्याचं दूध आणायची तर ते आधीच पाणी, त्यात माझं पाणी. बोळा पांढरा दिसायचा तेवढंच. पोरगं चोखायचं, थोडा वेळ थांबायचं, अन् माझ्या तोंडाकडं पाहायचं. रडायचं नाही. रडणारं पोर बरं, बाई. रडण्यात जोर असतो. हे नुसतं पाहायचं.

एक दिवस मी दुसऱ्या पोराला वरणाच्या पाण्यात कण्या कालवून भरवत होते. हे आपलं सवयीनं तोंड उघडून बसलं होतं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, खड्ड्यात गेला तुझा मामा, अन् बोटावर घास घेऊन त्याच्या तोंडात घातला.

त्यानं तोंड मिटलं. इतके दिवस खोटंखोटं चावत होतं, आता खरं काहीतरी होतं आत, तर त्याला कळेना काय करावं. डोळे मोठे झाले. मग गिळलं. अन् माझं बोट धरलं त्यानं, दोन्ही हातांनी, अन् सोडेना. मी दुसरा घास घातला, तिसरा घातला. मी रडत होते का हसत होते मला आठवत नाही. मला पस्तावा झाला का असं कोणी विचारलं तर मी सांगते, नाही झाला. आजही नाही. पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा घालीन.

त्या दिवसापासून मी रोज त्याला चोरून भरवायला लागले. आया गेल्या की आधी याला. मऊ कण्या, वरणाचं पाणी, कधी पेजेत गुळाचा खडा. थोड्याच दिवसांत पोरगं गोधडी सोडून बसायला लागलं. एकदा तर त्यानं बोंडलं भिरकावलं. मी त्याला खोटं रागावले अन् मनातून इतकी खूश झाले, जसा काही माझाच मुलगा शाळेत पास झाला. त्याची आई म्हणायची, "वैनी, बरं दिसून राह्यलं न आता?" मी म्हणायची, "दात निंघून राह्यले न, म्हनून." ती म्हणायची, "पाह्यलं? दुधावर बी वाढतेत लेकरं. मामा येईपर्यंत काई होत नाई त्याले."

पण ज्वारी लपत नाही. दुपट्यांची धुणी मी करत नव्हते, जिची तिनं न्यायची. एका रविवारी ती नदीवर धुवायला बसली अन् दुपट्यावर तिला ज्वारीच्या कण्या दिसल्या. ती तशीच उठून आली, ओलं दुपटं हातात, पाणी गळतंय. मी अंगणात तूर पाखडत होते. तिनं ते दुपटं माझ्या सुपात टाकलं.

"वैनी, हे काय हाय?"

मी सूप खाली ठेवलं.

"मी इचारून राह्यली, हे काय हाय?"

"ज्वारीची कणी हाय," मी म्हटलं. "तुले दिसत नाई?"

"कोनं देल्ली?"

"म्या देल्ली. अन् पोटभर देल्ली. काय करशीन? तुह्यं पोट्टं मरून राह्यलं होतं माह्या ओसरीवर, अन् तू भावाची वाट पाहून राह्यली! आई हायेस का कोन हायेस?"

हे शेवटचं मी बोलायला नको होतं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं नंतर. असंल. ती ओरडली नाही, मला वाटलं होतं ओरडेल. ती अंगणातच खाली बसली अन् अगदी हळू म्हणाली, "तू माह्या भावाले मारून टाकलं वं."

मग उठली. ओसरीवरून पोरगं उचललं, गोधडीच्या गठ्ठ्यावरून त्याचं टोपडं घेतलं अन् गेली. पोरगं तिच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहत होतं. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, बाकीच्या आल्या, ती नाही आली. ती त्याला जिनात घेऊन गेली होती. सरकीच्या ढिगाजवळ दोन खांबांना झोळी बांधली होती म्हणे. तिथं हवेत इतका कापूस उडतो की मोठ्या माणसाला खोकला येतो. मुकादमानं आधी हटकलं, मग दुर्लक्ष केलं.

मीही गेले नाही. का जाऊ? माझाही राग काही कमी नव्हता. मी म्हटलं, बघू किती दिवस ठेवते. बाया रोज सांगायच्या. आज खोकलून राह्यलं होतं. आज तिनं नुसतं पाणी पाजलं. आज हगवण लागली त्याले. ज्वारीनंच लागली असं तिचं म्हणणं होतं, माझ्या हातच्या ज्वारीनं. जेवढं माझ्याकडं कमावलं होतं तेवढं पंधरवड्यात गेलं. अन् एक बाई म्हणाली, "वैनी, ते पोट्टं आता तोंड नाई उघडत." हे ऐकलं अन् माझा राग कुठल्या कुठं गेला.

कापसाच्या गठाणी नेणारा एक ट्रकवाला होता. तो नागपूर करून अमरावतीकडं जायचा, कारंजा त्याच्या रस्त्यावरच, तिथल्या ढाब्यावर त्याचा मुक्काम असायचा. माझ्या मालकांच्या ओळखीचा. मी स्वतः जाऊन त्याला सांगितलं. गावाचं नाव सांगितलं, पाटलाचा सालदार सांगितलं. म्हटलं, "त्याले एवढंच सांगजो, तुह्या बहिणीचं पोरगं उपाशी हाय तुह्यापाई. जित्तं पाहाचं असन त ये." ट्रकवाला म्हणाला, सांगतो. ट्रक गेला अन् मी वाट पाहायला लागले, तीच वाट जी ती पाहत होती.

तो होळी झाल्यावर आला. भर दुपारी माझ्या दारात एक काळासावळा माणूस उभा, डोक्याला मुंडासं, पाय धुळीनं पांढरे. तिच्याच कपाळाचा, तिच्याच ओठांचा. मी न विचारताच ओळखलं. फडक्यात थोडे तांदूळ, गुळाचा खडा, एक नवं झबलं अन् एक छोटी पितळेची वाटी, अशी तयारी घेऊन आला होता.

"अठीच असते न माह्या बहिणीचं लेकरू?" तो म्हणाला. "गहू कापनी होती, पाटील सोडून नाई राह्यला होता. भांडून आलो."

मी त्याला बसवलं, पाणी दिलं, अन् मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आता सुचलं तुले? वर्ष होत आलं पोराले."

तो गोंधळला. म्हणाला, "मले आवतनच नाई आलं त कसा येऊ? मामाले बोलवा लागते न उष्टावनाले. मी वाट पाहून राह्यलो होतो. दिवाळी झाली, संक्रांत झाली. मले वाटलं, हिनं केलं असन दुसऱ्या कोनाच्या हातानं. हिच्यापुरता मी मेलो असन."

देवा रे!  ही म्हणे आपण होऊन येईल तर खरा, अन् हा म्हणे बोलावेल तर खरं. दोघं एकाच आईच्या पोटचे, एकाच मापाचे अडेल, अन् मधे ते पोरगं तोंड उघडून बसलेलं. मला त्या दोघांना समोरासमोर उभं करून एकेक मुस्काटात द्यावी वाटत होतं. पण वेळ नव्हता. मी तशीच जिनात पळाले.

रेच्यांच्या आवाजात तिला ऐकू येईना. मी तिच्या कानाशी ओरडले, "भाऊ आला तुहा! मामा आला!" तिच्या हातातला कापूस खाली पडला. ती झोळीकडं धावली, पोरगं काढलं अन् माझ्याही पुढं पळत सुटली. मला तिच्या खांद्यावर पोराचं डोकं हलताना दिसत होतं, मान धरलेली नव्हती त्यानं.

अंगणात भाऊ उभाच होता. ती त्याच्यासमोर जाऊन थांबली. दोघांपैकी कोणी आधी बोलेना. मग तो म्हणाला, "माय तुह्यं नाव घेत होती, पर रागानं नोयती घेत. म्या उगाच बोललो." अन् ती त्याच्या पायावर कोसळली. दोघं इतकं रडले की शेजारपाजारच्या बाया जमल्या. पोरगं मी तिच्या हातातून कधी घेतलं ते तिला कळलंही नाही. हलकं होतं. अंग तापलेलं अन् हातपाय गार.

तिनं डोळे पुसले अन् भावाला म्हणाली, "अजून तसाच हाय तो. कोनाच्या हातचं खाल्लं नाई त्यानं. तुह्यासाठी ठेवला." हे म्हणताना ती माझ्याकडं पाहत होती. रागानं नाही. हात जोडल्यासारखं पाहत होती.

"हौ," मी म्हटलं. "तसाच हाय."

त्याचे तांदूळ मी माझ्या चुलीवर शिजवले, गवळ्याचं दूध घातलं, गूळ घातला. पितळेच्या भांड्यात की जर्मनच्या, हा विचार त्या दिवशी कोणी केला नाही. पाट मांडला. मामा पाटावर बसला, मांडीवर भाचा. नवं झबलं त्याला घातलं तर त्यात तसली दोन पोरं मावली असती. मामानं वाटीतून बोटावर घास घेतला अन् पोराच्या ओठांशी नेला.

ज्या पोरानं सगळ्या गल्लीच्या घासांना तोंड उघडलं होतं, त्यानं या घासाला नाही उघडलं. डोळे अर्धे मिटलेले. मामा म्हणाला, "घे न बेटा. मी हाव न. घे." त्यानं बोटानं ओठ सारले, घास आत सरकवला. थोडं दूध हनुवटीवरून ओघळलं. जमलेल्या बाया म्हणाल्या, घेतलं, घेतलं! ती पोराकडं पाहतच नव्हती. ती भावाच्या तोंडाकडं पाहत होती, अन् माझ्या घरी आल्यापासून मी तिला पहिल्यांदाच तशी हसताना पाहिलं.

मी डॉक्टरला बोलवायला मालकांना पाठवलं होतं. मालक आले तेव्हा डॉक्टरचं काम राहिलं नव्हतं. ऊन अजून अंगणातच होतं.

तिला काही समजत नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली होती, भाऊ तिच्याजवळ, हातात ती रिकामी वाटी. कुठं ठेवावी हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तो ती धरूनच बसला होता. एवढ्या लहान लेकराला आंघोळ घालायला कोण पुढं होणार? मीच घेतलं त्याला. रोज घालत होते तशीच पायांवर आडवं घेऊन घातली. तोंड पुसायला म्हणून मी ओठ जरा बाजूला केले. जिभेवर भात तसाच होता. गिळलेला नव्हता. शितं मोजता आली असती.

मी पदर आडवा धरला, बोटानं सगळं हळूच काढून घेतलं अन् मूठ मिटली.

तेवढ्यात ती पाठीशी येऊन उभी राहिली. किती वेळची उभी होती मला ठाऊक नाही. म्हणाली, "वैनी, माह्या भावाच्या हातचं पोटात गेलं न त्याच्या?"

भाऊपण मान वर करून माझ्याकडं पाहत होता.

"गेलं," मी म्हटलं. "समदं गेलं पोटात."